टाकायचं कुठे? हूडूमधल्या उरल्यासुरल्याचा इतिहास

आजच्या भागाची सुरुवात मी एका गटारापासून करणार आहे. नाक मुरडू नका, जरा थांबा.

साल २००८. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याची राजधानी अ‍ॅनापोलिस. तिथल्या फ्लीट स्ट्रीट नावाच्या जुन्या रस्त्याखाली मेरीलँड विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ खणत होते. साधारण चार फुटांवर त्यांना मातीचा एक गोळा लागला. अमेरिकन फुटबॉलएवढा. आपण मोठ्या शहाळ्याएवढा म्हणू. वरवर बघितलं तर ढेकूळच. पण त्यातून एका दगडी कुऱ्हाडीचं पातं वर आलेलं होतं. मग एक्सरे काढला. आत सुमारे ३०० धातूचे तुकडे दिसले. शिशाचे छर्रे, खिळे, टाचण्या. काळ साधारण इ.स. १७००. आणि हा गोळा ठेवला कुठे होता? रस्त्याच्या कडेच्या उघड्या गटारात.

गटारात सापडलं म्हणजे कचरा, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण तीनशे खिळे-टाचण्या गोळा करायच्या, त्या मातीत थापायच्या, वरून कुऱ्हाड खोचायची, एवढा उपद्व्याप कुणी नुसतं फेकून द्यायला करेल का? त्या काळी अ‍ॅनापोलिसमध्ये आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं राबत होती. मार्क लिओन यांच्या अभ्यासगटाचं म्हणणं असं की हा गोळा आफ्रिकेतल्या धर्मविधीतली वस्तू आहे, फक्त बनवलाय अमेरिकेच्या मातीत. म्हणजे तो फेकलेला नव्हता, ठेवलेला होता.

फेकणं आणि ठेवणं. आजचा सगळा भाग या दोन शब्दांमधल्या फरकावर आहे.

आधी हूडू म्हणजे काय ते सांगते, कारण सिनेमांनी यात भरपूर गोंधळ घातलाय. हूडू ही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय लोकांची परंपरा. गुलामीच्या काळात घडलेली. मुळ्या, माती, मेणबत्त्या, अंघोळीचे काढे, पुरचुंड्या, तोडगे असं सगळं तिच्यात येतं. तिला ‘कॉन्जर’ म्हणतात, ‘रूटवर्क’ म्हणतात. व्हूडू वेगळं. हैतीमधला व्होडू हा देवता, पुरोहित, दीक्षा असं सगळं असलेला धर्म आहे. हूडूला देऊळ नाही, पुरोहितवर्ग नाही. हूडू करणारी बाई रविवारी बॅप्टिस्ट चर्चमध्ये बसून मनापासून गाते, आणि सोमवारी बायबलमधलंच एखादं स्तोत्र म्हणत मेणबत्ती लावते. तिला यात विसंगती दिसत नाही. मूळ बरंचसं मध्य आफ्रिकेतल्या काँगो प्रदेशाकडे जातं. त्यात पश्चिम आफ्रिका आली, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं झाडपाल्याचं ज्ञान आलं, युरोपातली मंत्रांची पुस्तकंही आली.

आता मुद्द्यावर येऊ. समजा, विधी झाला. मेणबत्ती जळून संपली, बुडाशी मेण उरलं. काढ्याने अंघोळ केली, त्याचं पाणी भांड्यात उरलं. नाव लिहिलेल्या कागदाची राख उरली. आता याचं काय करायचं?

नवख्या माणसाला वाटतं काम झालं, आता आवराआवर. हूडूमध्ये मात्र आवराआवर नावाची गोष्टच नाही. उरलेलं कुठे जातं यावर केलेलं काम कुठे जाणार ते ठरतं. मला हे व्याकरणासारखं वाटतं. वस्तू हे नाम आणि जागा हे क्रियापद. क्रियापदाशिवाय वाक्य पुरं होत नाही.

म्हणजे कसं? जे घरात यावं असं वाटतं, पैसा असो, प्रेम असो, घराची शांतता असो, त्याचं उरलेलं घराजवळ पुरायचं. उंबरठ्याखाली, पायरीखाली, नाहीतर पुढच्या अंगणात. जे आयुष्यातून जावं असं वाटतं ते वाहत्या पाण्यात सोडायचं. इथे विहीर चालत नाही, तळं चालत नाही. पाणी वाहतंच हवं, कारण घेऊन जाण्याचं काम पाण्याने करायचंय. एखाद्या माणसाने गाव सोडून जावं असं वाटत असेल तर त्याच्या पावलाचा ठसा जिथे उमटलाय ती माती उचलायची आणि वाहत्या पाण्यात टाकायची. पाणी चाललं की माणूस चालला. ज्याचं काय व्हायचं ते होवो, फक्त माझ्याकडे राहू नये, असं काही असेल तर ते चौरस्त्यावर. कायमचं संपवायचं असेल तर दफनभूमीत.

अंघोळीच्या पाण्याचेही नियम होते. चांगल्यासाठी केलेल्या अंघोळीचं पाणी पहाटे, उगवत्या सूर्याच्या दिशेने फेकायचं. पीडा धुऊन काढली असेल तर चौरस्त्यावर जायचं, पाणी डाव्या खांद्यावरून मागे टाकायचं आणि सरळ घरी यायचं. मागे वळून बघायचं नाही.

इथे तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी कान टवकारले असतील, मला माहितेय! तिठ्यावर टाकलेला उतारा, हळदकुंकू लावलेलं लिंबू, ‘मागे बघू नकोस हं’ असं बजावणारी आजी. साम्य खरंच आहे. पण म्हणून ‘हूडू आपल्याकडूनच गेलं’ असा फॉरवर्ड कुणी पाठवला तर कृपया पुढे ढकलू नका. चौरस्ता ही जागाच अशी आहे की जगभरच्या लोकांना ती विचित्र वाटत आलीय. मला फरकाची बाजू जास्त रंजक वाटते. आपण निर्माल्य पाण्यात सोडतो कारण ते पवित्र आहे, पायदळी जाऊ नये. हूडूमध्ये पाण्याला काम दिलेलं असतं. वाहतं पाणी तिथे पोस्टमन आहे.

आणि या पोस्टमनसारखा दफनभूमीशीही रोखीचा व्यवहार. तिथली माती तोडग्यांत लागायची. पण ती फुकट उचलायची नाही. कबरीतल्या माणसाला नाणं द्यायचं, बहुतेकदा चांदीचं डाइम म्हणजे दहा सेंट, किंवा थोडी व्हिस्की ओतायची. म्हणजे तिथून काही घ्यायचं तर खरेदी, आणि तिथे काही सोडायचं तर सुपूर्द करणं. मेलेला माणूस हा व्यवहारातला पक्ष मानलेला असतो. ‘गूफर डस्ट’ हा शब्द तुम्ही जुन्या ब्लूज गाण्यांत ऐकला असेल. त्यातलं ‘गूफर’ हे काँगो भाषेतल्या मरण्याच्या क्रियापदावरून, ‘कुफ्वा’वरून आलं असं मानतात.

अंगावेगळं झालेलं जे काही असेल त्याचीही हीच काळजी. विंचरल्यावर निघालेले केस जाळून टाकायचे. ते वाऱ्यावर गेले आणि पाखराने घरट्यात विणले तर डोकं दुखेल, वेडही लागेल, असा समज दक्षिणेत फार पसरलेला होता. १९२६ साली न्यूबेल नाइल्स पकेट या समाजशास्त्रज्ञाने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसमजुतींवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात केसांच्या अशा समजुती सापडतात. यामागचा धागा सोपा आहे. तुमचा केस म्हणजे तुम्ही. तो ज्याच्या हाती लागला त्याच्या हाती तुम्ही लागलात.

हे सगळं आलं कुठून? रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन या कला-इतिहासकाराने १९८३ साली ‘फ्लॅश ऑफ द स्पिरिट’ या पुस्तकात काँगोची बाजू मांडली. काँगो विचारात जग दोन भागांचं असतं. वर जिवंतांचं, खाली पूर्वजांचं, आणि मध्ये पाण्याची सीमा, तिला म्हणतात कालुंगा. हे एका वर्तुळातल्या फुलीने दाखवतात. सूर्य त्या वर्तुळावरून फिरतो, माणूसही फिरतो. ही फुली म्हणजेच चौरस्ता, जिवंत आणि मेलेले जिथे भेटतात ती जागा. शिवाय त्यांच्याकडे ‘न्कीसी’ असायचे. माती, बिया, शिंपले, धातू एकत्र बांधून त्यात शक्ती बसवलेली गाठोडी. फ्लीट स्ट्रीटचा गोळा असल्याच कुळातला, असा अंदाज आहे.

पण आफ्रिकेने निम्मंच उत्तर मिळतं, असं मला वाटतं. उरलेलं निम्मं गुलामीत आहे. विचार करा. ज्या माणसाच्या मालकीचं स्वतःचं शरीरही नाही, तो पवित्र जागा कुठून आणणार? देऊळ बांधता येत नाही. मूर्ती ठेवता येत नाही. अंगण मालकाचं, उंबरठा मालकाचा. मग उरतं काय? नदी, जी कुणाची नसते. चौरस्ता, जो सगळ्यांचा असतो. रात्रीची दफनभूमी, जिथे मालक फिरकत नाही. आणि मालकाच्याच घराचा कोपरा, जो झाडायचं काम रोज आपल्याकडेच आहे. हूडूने ज्या जागा निवडल्या त्या अशा होत्या. विधीनंतर उरलेल्या गोष्टी ठेवत ठेवत या लोकांनी दुसऱ्याच्या मुलखावर स्वतःचा नकाशा टाकला, आणि तो फक्त त्यांनाच वाचता येत होता.

वाचता येण्यावरून आठवलं. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांचा उठाव झाला. त्यानंतर १७४० मध्ये तिथे कायदा आला. गुलामांना लिहायला शिकवलं तर १०० पौंड दंड. ढोल वाजवायलाही बंदी. कारण ढोल म्हणजे निरोप. म्हणजे लिहायचं नाही, वाजवायचं नाही. या लोकांच्या मनात काय होतं हे सांगणारा त्यांच्या स्वतःच्या हातचा कागद आपल्याला फारसा का मिळत नाही, त्याचं उत्तर या असल्या कायद्यांत आहे. पुढचं ऐकताना हे लक्षात ठेवा.

पकडलं गेल्याची किंमतही जबर होती. १८२२ मध्ये साउथ कॅरोलायनातल्याच चार्ल्स्टनमध्ये डेन्मार्क व्हेसीच्या उठावाचा कट उघड झाला. त्यात गुल्ला जॅक नावाचा आफ्रिकेत जन्मलेला मांत्रिक होता. सोबत्यांना त्याने खेकड्याच्या नांग्या दिल्या होत्या. तोंडात धरा, इजा होणार नाही. त्याला फाशी दिली. यानंतर गोऱ्या मालकाला कुणाच्या खोपटात पुरचुंडी दिसली तर ती नुसती अंधश्रद्धा वाटली असेल का? त्याला तिच्यात कट दिसणार. मग राख लपवायला हवी, केस लपवायला हवेत, गाठोडं तर लपवायलाच हवं.

फ्रेडरिक डग्लसची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. गुलामीतून निसटून पुढे जगप्रसिद्ध वक्ता झालेला माणूस. १८४५ सालच्या आत्मचरित्रात तो सांगतो की कोव्ही नावाचा माणूस त्याला मारून मारून मोडू बघत होता. तेव्हा सँडी जेंकिन्स या जाणत्या गुलामाने त्याला एक मुळी दिली. उजव्या बाजूला बाळग, कुणी गोरा तुला मारू शकणार नाही. डग्लसचा विश्वास नव्हता, तरी त्याने ती घेतली. नंतर कोव्ही अंगावर आला तेव्हा त्याने उलटून मारामारी केली आणि पुन्हा त्याच्यावर कुणाचा चाबूक पडला नाही. मुळीमुळे की त्याच्या हिमतीमुळे, हे तुम्हीच ठरवा. हे सगळं घडलं १८३४च्या सुमारास मेरीलँडमध्ये, अ‍ॅनापोलिसच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर.

तर पुन्हा अ‍ॅनापोलिसला जाऊ. तिथे चार्ल्स कॅरोल नावाच्या धनाढ्य माणसाचं घर आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी सर्वांत शेवटी वारलेला हा माणूस, १८३२ मध्ये. ‘सर्व माणसं समान’ असं लिहिलेल्या कागदावर याची सही, आणि शेकडो गुलामांचा हा मालक. त्याच्या घराच्या तळमजल्यावर, जिथे गुलाम राबत आणि राहत, तिथे १९९१ मध्ये उत्खनन झालं. एका खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात जमिनीखाली स्फटिकाचे खडे, गुळगुळीत दगड, मणी, भोक पाडलेल्या हाडाच्या चकत्या सापडल्या. वर एक वाडगा पालथा घातलेला. त्या वाडग्याच्या बुडावर फुल्या एकमेकींवर काढल्यासारखी नक्षी. काळ साधारण १८००च्या आगेमागे.

आता दोन्ही शोध शेजारी ठेवा. १७००च्या सुमाराचा गोळा रस्त्यावर उघडा ठेवलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. शंभरेक वर्षांनंतरचे स्फटिक जमिनीखाली, झाकलेले. लिओन यांनी या फरकाकडे लक्ष वेधलंय. जे आधी चारचौघांत करता येत होतं ते नंतर लपून करावं लागलं. एवढा मोठा बदल, आणि त्याची नोंद कुठल्याही दस्तऐवजात नाही. ती आहे फक्त या दोन जागांत.

तिसरी जागा टेक्ससमधली. ब्राझोरिया इथला लीव्हाय जॉर्डन मळा. १८४८ पासून उभा राहिलेला उसाचा आणि कापसाचा मळा. गुलामी संपल्यावर तीच माणसं तिथे खंडाने शेती करत राहिली आणि १८९०च्या आसपास अचानक सगळं टाकून गेली. १९८६ पासून केनेथ ब्राउन यांनी तिथल्या खोपटांचं उत्खनन केलं. एका खोपटात लोखंडी किटल्यांचे तळ, खडू, पाखरांच्या कवट्या, सुऱ्यांची पाती, बाहुल्यांचे तुकडे असा ऐवज निघाला. ब्राउन म्हणाले, हे तिथल्या वैदूचं घर असणार.

यावर इतर काही अभ्यासकांनी विचारलं, कशावरून? किटलीचा तळ तर कुणाच्याही घरी असतो. तुटकी सुरीही असते. सोडून दिलेल्या घरातला हा साधा कचरा कशावरून नाही?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ‘जागा’ या एका शब्दात आहे. एकट्या टाचणीवरून काही सिद्ध होत नाही. टाचणी, स्फटिक आणि भोक पाडलेलं नाणं एकत्र सापडलं, तेही कोपऱ्यात, दाराखाली किंवा चुलीपाशी, तर कान टवकारायचे. असाच संच दुसऱ्या घरातही तशाच जागी निघाला तर योगायोग म्हणणं अवघड होत जातं. मग हर्स्टन, हायट यांनी नोंदवलेल्या तोंडी परंपरेशी ताळा जमवायचा. या दोघांकडे येतेच मी. पण आधी एक कबूल करायला हवं की कित्येक वर्षं अमेरिकेत अशा वस्तू निघाल्या आणि ‘बटणं, टाचण्या, किरकोळ’ म्हणून पिशव्यांत भरल्या गेल्या. कोपरा कुठला, दिशा कुठली, हे लिहून ठेवलं नाही तर वाक्यातलं क्रियापदच हरवतं. उरतात सुटी नामं. आणि मग लिहिलं जातं की गुलाम आपला धर्म आफ्रिकेतच विसरून आले.

घरांबरोबर कबरीही बोलतात. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर गुल्ला-गीची समाज राहतो. तिथे माणूस गेला की त्याने शेवटी वापरलेल्या वस्तू कबरीवर ठेवत. कप, बशी, औषधाची बाटली, दिवा, घड्याळ, आणि सोबत शिंपले. भांडी बहुतेक वेळा मुद्दाम फोडलेली. का? तर मरणाची साखळी तुटावी, घरातलं पुढचं माणूस त्याच्या मागोमाग जाऊ नये. बाहेरून येणाऱ्याला ही दफनभूमी उकिरड्यासारखी दिसायची. १९४० साली जॉर्जियातल्या लेखक-प्रकल्पाने ‘ड्रम्स अँड शॅडोज’ या पुस्तकात तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती छापल्या. त्यांतल्या काहींच्या आजी-आजोबांना आफ्रिका आठवत होती.

तर आता त्या दोघांबद्दल, ज्यांनी हे कागदावर आणलं.

झोरा नील हर्स्टन माझी लाडकी आहे, आधीच सांगून टाकते. जन्म १८९१, अलाबामा. वाढली फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्याच गावात. न्यूयॉर्कला फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाची विद्यार्थिनी झाली. १९२८ मध्ये ती न्यू ऑर्लिन्सला गेली आणि वही घेऊन कडेला बसण्याऐवजी थेट शिष्या झाली. सापाच्या कातड्यावर विवस्त्र, पालथी, ६९ तास उपाशी पडून दीक्षा घेतली, असं तिनेच लिहून ठेवलंय. १९३१ मध्ये तिचा ‘हूडू इन अमेरिका’ हा दीर्घ लेख आला, १९३५ मध्ये ‘म्यूल्स अँड मेन’ हे पुस्तक. तिच्या लिखाणात तोडगा सांगताना शेवटी ते कुठे पुरायचं, कुठे टाकायचं हेही येतं, कारण शिकवणारे त्याशिवाय शिकवतच नव्हते. काही अभ्यासक तिच्या तपशिलांवर शंका घेतात, आणि घ्यावीच. तरीही आतून लिहिणारी ती होती. १९६० मध्ये ती गरिबीत वारली, कबरीवर दगडही नव्हता. १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकरने शोधून तो बसवला.

दुसरा हॅरी मिडलटन हायट. गोरा पाद्री, छंद लोककथा गोळा करण्याचा. १९३६ ते १९४० या काळात तो रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन दक्षिणेत फिरला आणि सुमारे १,६०० लोकांशी बोलला. त्यातून पाच खंड निघाले, १९७० ते १९७८ दरम्यान, १३ हजारांहून जास्त नोंदी. वाचायला फार कठीण, कारण माणूस जसा बोलला तसंच छापलंय, अडखळण्यासकट. मला तेच आवडतं. सांगणारा मुळीचं नाव सांगतो, मग हायट विचारतो की उरलेल्याचं काय केलं, आणि पुन्हा पुन्हा तीच उत्तरं येतात. वाहतं पाणी, रस्त्याचा फाटा, दफनभूमी, पायरी. शेकडो मैल अंतरावरची, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एकच नकाशा सांगत होती.

हायट फिरत होता तेव्हाच तो नकाशा बदलायला लागला होता. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांत गेले. पाचव्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत पुरणार कुठे? अंगण नाही, पायरी दहा बिऱ्हाडांची. मुळ्यांच्या जागी टपालाने येणारी तेलं, पावडरी, काचेतल्या मेणबत्त्या आल्या. इथे एक गंमत सांगायलाच हवी. शिकागोत एल. डब्ल्यू. डी लॉरेन्स नावाचा एक पुस्तकविक्या होता. गोरा अमेरिकन, पण थाट ‘हिंदू जादू’चा. दुसऱ्यांची पुस्तकं बेधडक स्वतःच्या नावावर छापायचा. त्याचा टपालाचा धंदा कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांत, आणि कॅरिबियन बेटांपर्यंत, जोरात चालला. हूडूच्या दुकानात फेटेवाला स्वामी दिसतो तो याच लाटेवर आलेला. आपला त्याच्याशी संबंध इतकाच!

शेजारच्या एका परंपरेत हाच प्रश्न कोर्टात पोहोचला. फ्लोरिडातलं हायलिया शहर. तिथे १९८७ मध्ये क्यूबातून आलेल्या सांतेरिया धर्माच्या लोकांनी प्रार्थनास्थळ काढायचं ठरवलं. सांतेरियात पशुबळी असतो. शहराने घाईघाईने बळीवर बंदी घालणारे नियम केले. एक कारण दिलं की मेलेले प्राणी सार्वजनिक जागी टाकले जातात, आरोग्याला धोका आहे. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ जून १९९३ रोजी सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने शहराचे नियम रद्द केले. त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. चिंता जर उरलेल्याची असेल तर कचरा कसा टाकायचा त्याचे नियम करा, ते सगळ्यांना सारखे लावा. त्यासाठी धर्मविधी बंद करायची गरज नाही. हूडूचा हा खटला नाही, पण विधी आणि विधीनंतरचा कचरा यांच्यात कायद्याने रेष ओढली ती इथे.

आज हूडू करणाऱ्या तरुण मंडळींसमोर हाच पेच वेगळ्या रूपात येतो. मेण आता बरेचदा खनिज तेलापासून बनतं, मेणबत्ती काचेत असते, आणि नदीत काच टाकणं हा सरळ सरळ गुन्हा. मीठ पुरलं तर अंगणातली झाडं मरतात. म्हणून काही जण काच धुऊन पुन्हा वापरतात, पाण्यात फक्त राख किंवा पानं सोडतात, पुरायचं असेल तर कुंडीत पुरतात. काही जुन्या वळणाचे लोक कुंडीला हसतात. गणपतीच्या वेळी आपल्याकडे बादलीतल्या विसर्जनावरून घरोघर जे संवाद होतात ते आठवा, साधारण तोच सूर.

शेवटची गोष्ट, जी हे सगळं वाचताना माझ्या डोक्यातून जात नव्हती. हूडूमध्ये कुणी आपल्या दाराखाली काहीतरी पुरलंय असा संशय आला तर उपाय काय? ते शोधून काढायचं. नुसत्या हाताने शिवायचं नाही, जाळायचं किंवा वाहत्या पाण्यात द्यायचं. लपवलेली वस्तू सापडली की तिचं काम मोडलं. म्हणूनच ती इतकी जपून लपवायची.

आता कॅरोलच्या घरातला तो कोपरा बघा. तिथे स्फटिक पुरणाऱ्या माणसाने ते दोनशे वर्षांनी कुणी उचलून, धुऊन, क्रमांक घालून फोटो काढावेत म्हणून पुरले नव्हते. त्याच्या हिशेबाने पुरातत्त्वज्ञांनी ते काम मोडलं. आणि त्यांनी ते मोडलं नसतं तर त्या खोलीत कुणी काही मागितलं होतं, हेच आपल्याला कळलं नसतं. त्या खोलीत राहिलेल्या माणसांच्या वंशजांना विचारून मग खणावं, असं आता अमेरिकेतले बरेच पुरातत्त्वज्ञ मानतात. विचारल्यावर कुणी म्हणतं खणा, आम्हाला आमचे लोक हवेत. कुणी म्हणतं राहू द्या जिथे आहे तिथे. माझं मत पहिल्याच्या बाजूने झुकतं, पण दुसऱ्याला मी चूक म्हणू शकत नाही.

तुमच्या घरी उतारा, केस, नाळ, निर्माल्य यांचं काय करायचे आणि कुठे न्यायचे, हे आजी-आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. विचारताना ‘काय करायचे’ इतकंच नको, ‘नेमकं कुठे’ हेही विचारा. भेटू पुढच्या भागात.